कुणाचं घर कुणाच्या पोटात

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजी घेताना मी आधी तराजूचं रिकामं पारडं बघते. कुणी बोलावून चहा पाजला तर ह्याचं माझ्याकडं काय काम निघालं असेल, हे मनात आल्याशिवाय घोट घशाखाली उतरत नाही. लग्न होऊन मंठाळला आले तेव्हा सासूबाई शेजारणीला म्हणाल्या होत्या, "ही देवाची मूर्तबी उलटी करून बगंल, खाली काय हाय म्हून." त्यांचं काही चुकलं नव्हतं.

त्यामुळे माहेरच्या भावकीनं पुस्तक लिहायचं काम माझ्याकडं दिलं तेव्हा आनंद व्हायचा सोडून मला पहिला प्रश्न पडला, मलाच कामून?

माझं माहेर राजेश्वरच्या अलीकडचं. गावाबाहेर आमच्या भावकीचा खंडोबा आहे. चंपाषष्ठीला तळी उचलली की पुजारी एकेका घराचं नाव घेतो. त्या घराचा कर्ता पुढं येतो, उपरण्यात मानाचा नारळ घेतो आणि नेऊन आपल्या दारात फोडतो. आमच्यात घरं जागेवरून ओळखतात. थोरलं घर, विहिरीवरचं घर, माळावरचं घर. आमचं वेशीजवळचं. ज्या घराचं नाव पुजारी घेत नाही त्याला आख्खा नारळ नाही. ते ज्या घराच्या पोटात धरलेलं असेल त्या घरातून त्याला फुटलेल्या नारळाचं एक भकल पोचतं. खोबरं तेच, देवही तोच, पण भकल घेणाऱ्याची मान खाली असते.

कोण आधी, कोण मागनं आणि कोण कुणाच्या पोटात, ह्यावरून दरवर्षी भंडाऱ्याच्या आधी शिव्याच उधळल्या जायच्या. म्हातारा पुजारी होता तोवर सगळा क्रम त्याला तोंडपाठ होता आणि त्याच्यापुढं कुणाचं चालत नव्हतं. तो गेला आणि त्याच्या मुलानं हात जोडले. "मला काई ठावं न्हाई, तुमीच लिवून द्या," म्हणाला.

मग भावकीची बैठक बसली. ठरलं असं, की सगळ्या घरांची माहिती लिहून एक पुस्तक छापायचं, आणि येत्या चंपाषष्ठीपासून पुजाऱ्यानं त्याची अनुक्रमणिका वाचून नारळ द्यायचे. अनुक्रमणिकेत घर आलं तर नारळ, नाही आलं तर भकल. पुन्हा म्हणून त्यावर वाद नाही. लिहायचं मी, कारण मी बसवकल्याणच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. दुसरं कारण थोरल्या घरच्या अण्णांनी भर बैठकीत सांगितलं.

"लेकीला नारळबी न्हाई अन् भकलबी न्हाई. ती कुणाची बाजू घील?"

सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर मात्र ते वाक्य चघळत बसले. अण्णा माझे चुलतभाऊ, भावकीत मानानं सगळ्यांत मोठे आणि बोलायला साखर. साखरेच्या बोलण्याखाली काय असतं ते मी आयुष्यभर बघत आले होते. ह्यांना बाई नको आहे, ह्यांना हवं तसं लिहिणारा हात हवा आहे, असं मी धरून चालले.

कॉम्प्युटर भावाच्या घरी, म्हणजे माझ्या माहेरीच, ओसरीवर होता. भाचीच्या अभ्यासाला घेतलेला. ती कलबुर्गीला होस्टेलवर गेली आणि वहिनीनं त्याच्यावर विणलेला रुमाल टाकून ठेवला. मी दर रविवारी मंठाळहून बसनं यायची, रुमाल बाजूला करायची आणि लिहायला बसायची.

शाळेत प्रश्नपत्रिका टाइप करत आल्यामुळं आपल्याला वर्ड येतं, असा माझा समज होता. पण प्रश्नपत्रिका म्हणजे पाठपोट एक कागद. हे पुस्तक वाढत निघालं. मी आपली मथळ्याचं अक्षर मोठं करून ठळक करायची आणि अनुक्रमणिका हातानं टाइप करायची. मधे कुणाच्या तरी पणजोबाची एखादी गोष्ट घुसली की पुढची सगळी पानं सरकायची आणि अनुक्रमणिका खोटी पडायची. खोटी अनुक्रमणिका पुजाऱ्याच्या हातात दिली असती तर देवळात नारळाच्या आधी डोकी फुटली असती.

मग नाक मुठीत धरून शिकले. घराचं नाव लिहायचं आणि त्याला 'हेडिंग वन' ही स्टाइल द्यायची. त्या घराची विहीर, शेत, सुना ह्यांना 'हेडिंग टू'. एवढं केलं की मथळा कुठला आणि मजकूर कुठला हे कॉम्प्युटरला कळतं, आणि अनुक्रमणिका तो आपण होऊन बांधतो. तीत मी फक्त हेडिंग वन घेतलं, कारण पुजाऱ्यानं घरं वाचायची होती, विहिरी नाही. आणि ते 'नेव्हिगेशन पेन' उघडलं की डाव्या अंगाला सगळी घरं एकाखाली एक उभी राहतात. नावावर टिचकी मारली की त्या घराचं पान समोर येतं. नाव धरून वर ओढलं तर आख्खं घर विहिरीसकट, सुनांसकट वर जातं. आणि नावावर उजवी टिचकी मारून 'डिमोट' म्हटलं की ते घर एक पायरी उतरतं, जरासं आत सरकतं आणि वरच्या घराच्या पोटात जाऊन बसतं. अनुक्रमणिकेतून त्याचं नाव मग आपोआप जातं.

हे आत सरकणं आमच्या लोकांना शिकवावं लागलं नाही. येताजाता ओसरीवर डोकावणारे मजकुराची एक ओळ वाचत नव्हते, नुसती डावी बाजू बघायचे. विहिरीवरच्या घरचे काका एकदा पडद्याला नाक लावून ओरडले, "ए बाई, आमच्या खाली हे कोण आत शिरलंय?"

"तुमची विहीर आहे काका."

"मग बसू दे," म्हणाले. "विहीर आमच्याच पोटात पायजे."

सगळ्यांत जास्त कौतुक अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना. अप्पा निजामाच्या राज्यात उर्दूत गिरवलेले, पुढं मराठी आपले आपण शिकलेले. आता डोळ्यांनी दगा दिला होता, पेपरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात म्हणायचे. मी त्यांच्यासाठी पडद्यावरची अक्षरं बोराएवढी केली, माऊस हातात दिला आणि म्हटलं, "अप्पा, ह्या नावावर टिचकी मारा, घर समोर येतंय." त्यांनी मारली. थोरलं घर समोर आलं. अप्पा लहान मुलासारखे हसले. मग घर धरून वर-खाली कसं ओढायचं तेही दाखवलं, परत जागेवर कसं आणायचं तेही. शिकवायची खोड, ती काही निवृत्त होत नाही. रविवारी मी आले की अप्पा खुर्ची ओढून शेजारी बसायचे, माझी एकेक टिचकी बघायचे, आणि एकुलता एक माणूस असा होता ज्याच्यापुढं मला फाइल झाकावीशी वाटत नव्हती.

एकेका घरी जाऊन माहिती घेत घेत मी माळावर पोचले. तिथं माझी चुलती राहते, अप्पांच्या लांबच्या, वयानं मोठ्या चुलतभावाची बायको. सगळे तिला माळावरची काकूच म्हणतात. माहेर निर्ण्याचं. नवरा कधीच गेला, मुलगा हैदराबादेत गाडी चालवतो, म्हातारी पत्र्याच्या घरात दोन शेळ्या घेऊन एकटी. तिचं घर थोरल्या घराच्या पोटात धरलेलं. दर चंपाषष्ठीला अण्णांच्या घरची सून ताटलीत भकल घेऊन माळ चढायची, ते मी लहानपणापासून बघत आले होते.

काकू चुलीपुढं बसून सांगायला लागली. "आमच्या सासऱ्याच्या बापाकडं मेंढरं लई हुती. हितं चारा संपला म्हून मेंढरं घिऊन तेलंगणात उतरले. लई वर्सं तिकडंच ऱ्हायले. परत आले तवा घराच्या जागंवर बाभळी उगवल्या हुत्या. मग हितं माळावर बसले. गावानं म्हणलं, तुमी भाईरचे. थोरल्या घरानं म्हणलं, ऱ्हावा आमच्या पोटात."

"म्हणजे जायच्या आधी तुमचं घर वेगळं होतं? नारळ होता?"

"व्हय की. थोरल्या घराच्या मागनं लगीच आमचाच."

"मग तुम्ही नव्हता तेव्हा तो नारळ कुणी घेतला?"

काकूनं चुलीत फुंकर मारली. धूर नव्हता तरी डोळे पुसले. "ते तुला कामून पायजे? लिव्ह तेवढंच."

मी ओळखलं, की ही अण्णांना भिते. ज्यांनी भकल द्यायला सुरुवात केली त्यांनीच नारळ गिळला असणार, दुसरं कोण! उठताना काकूनं माझा हात धरला. "पोरी, तुज्या हातात हाय तर कर. मरायच्या आदी एक आक्खा नारळ माज्या उंबऱ्यावर फुटला पायजे. भकल खाऊन खाऊन माजं तोंड इटलंय गं."

 मी माळ उतरून ओसरीवर आले आणि 'माळावरचं घर' असं लिहून त्याला हेडिंग वन दिलं. नंबर कुठला ते नंतर बघू म्हणून तूर्त शेवटी ठेवलं. डावीकडं ते थोरल्या घराच्या रांगेत सरळ उभं राहिलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की वहिनीनं केलेला चहा मी काहीही शंका न घेता प्याले.

पुढच्या रविवारी फाइल उघडली तर माळावरचं घर थोरल्या घराच्या पोटात.

मला वाटलं माझंच काही चुकलं. परत हेडिंग वन केलं, परत खाली आणलं, सेव्ह केलं, दोनदा बघितलं. त्याच्या पुढच्या रविवारी आले तर परत पोटात, जरासं आत सरकून, जसं काही तिथंच जन्मलेलं.

आता माऊस चुकून लागला आणि घर सरकलं, हे एकवेळ मी मानलं असतं. पण नुसतं ओढून घर कुणाच्या पोटात जात नाही. ते शेवटून उचलून थोरल्या घराच्या खाली आणायचं आणि मग उजवी टिचकी मारून डिमोट करायचं, अशी दोन कामं लागतात. चुकून एक होतं, दोन होत नाहीत. हे कुणीतरी करत होतं.

झालं! माझ्या स्वभावाला गूळ मिळाला. भावावर संशय घेतला, तर तो म्हणाला, "अक्का, मला तूर राखायला येळ न्हाई, तुझी घरं कवा सरकवू?" वहिनीवर घेतला, तर तिनं दोन रविवार भाजीत मीठ कमी घातलं. पण खरा संशय अण्णांवर. ते आठवड्यातनं कधीही ओसरीवर येऊन टेकायचे, "बगू दे की काय लिवायलीस," म्हणायचे. पोटातलं घर बाहेर पडलं तर थोरल्या घराचा थोरलेपणा तेवढा कमी, हे कळायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती.

मी सरळ त्यांच्या दारात गेले. "अण्णा, कॉम्प्युटर चांगला यायला लागलाय म्हणे तुम्हाला."

अण्णा बाजेवर पडल्या पडल्या हसले. "बाई, मला मोबाइलचा आवाज बारीक करता येईना झालाय. कामून इचारायलीस?"

"सहज."

"तुझं सहज मला ठावं हाय. कुणाचं घर हाललं?"

बघा! घर हललं हे ह्यांना कसं कळलं? मी तिथनं निघाले ती ठरवूनच, की चोर हाच. पासवर्ड घालून फाइल बंद करता आली असती. पण पासवर्ड घातला असता तर चोर थांबला असता, सापडला नसता, आणि मला तो सापडायला हवा होता.

एका रविवारी मी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन मंठाळला नेली आणि माहेरची पुसून टाकली. त्या आठवड्यात घर जागेवर राहिलं. पुढच्या रविवारी परत माहेरच्या कॉम्प्युटरवर ठेवली. त्याच्या पुढच्या रविवारी घर पोटात. म्हणजे जे होत होतं ते ह्याच ओसरीवर. फाइल शेवटची कधी सेव्ह झाली ते बघितलं, तर भर दुपारची वेळ. आणि त्या दिवशी अण्णा भालकीला लग्नात होते, आमच्याच भावाच्या गाडीवर बसून गेले होते.

 पण तरीही ज्याचं नाव मनात यायला हवं होतं ते आलं नाही. काखेत कळसा म्हणतात, तो असा असतो.

पुस्तक छापखान्यात द्यायच्या आदल्या दिवशी, रविवार नसताना, मी न सांगता दुपारची बस धरली. दार लोटलेलं होतं. भाऊ आणि वहिनी शेतात. ओसरीवर विणलेला रुमाल घडी घालून नीट बाजूला ठेवलेला, आणि कॉम्प्युटरपुढं अप्पा. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, माऊस दोन्ही हातांत. पडद्यावर बोराएवढ्या अक्षरांत 'माळावरचं घर', आणि ते हळूहळू, थांबत थांबत, वर चाललं होतं.

अप्पांनी ते थोरल्या घराच्या खाली टेकवलं. उजवी टिचकी मारली. जीभ दातांत धरून योग्य ओळ शोधली. घर आत सरकलं.

"अप्पा."

ते दचकले नाहीत. चष्मा वर केला आणि म्हणाले, "ये. आज कामून आलीस? आज आयतवार न्हाई."

मी पडद्याकडं बोट केलं. म्हटलं, "हे तुमी करायलाव?"

"व्हय."

"अण्णांनी सांगितलं?"

"अण्णा कशाला सांगंल? त्याला काय फरक पडतंय? त्याचा नारळ पयला, पयलाच ऱ्हाणार." अप्पांनी माऊस सोडला आणि हात मांडीवर ठेवले. "तिला येगळं घर म्हणलीस की लोक इचारणार, हेंचा नंबर कुठला. जुनी माणसं सांगणार, दुसरा. मग दुसऱ्या नंबरावर आज कोण उभं ऱ्हायलंय? तुझा बाप."

तेव्हा मला चुलीपुढची काकू आठवली. धूर नसताना डोळे पुसणारी. ती अण्णांना भीत नव्हती. नारळ आमच्या दारात आला होता, आणि ते ती आमच्याच लेकीला तोंडावर सांगू शकत नव्हती.

"चोरी न्हाई ती," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "ते मेंढरं घिऊन गेले. आपण हितं ऱ्हायलो. उपाशी ऱ्हायलो, पर देवाचा दिवा इझू दिला न्हाई. जाणाऱ्याचा मान ऱ्हाणाऱ्याला मिळतोय. हेच्यात वंगाळ काय हाय?"

 खरं सांगते, त्यांचं बोलणं काही अगदीच खोटं नव्हतं. पण मी त्यांचीच लेक.

"वंगाळ न्हाई तर मग मी नसताना कामून करायलाव?"

अप्पा चष्मा काढून पुसायला लागले. मला इतका राग आला होता, की रडू येत होतं, आणि रडू येत होतं म्हणून आणखी राग येत होता. महिनाभर मी गावभर संशय वाटत फिरले, अण्णांच्या दारात जाऊन टोमणे मारून आले, आणि घर सरकवणारा हात मीच धरून शिकवलेला.

मी शेजारची खुर्ची ओढली. त्यांच्या देखत माळावरचं घर पोटातून बाहेर काढलं, हेडिंग वन केलं आणि थोरल्या घराच्या खाली ठेवलं, दुसरं. वेशीजवळचं घर आपोआप तिसरं झालं. मग माळावरच्या घराच्या पानावर गेले आणि एक ओळ वाढवली, की हे घर बाहेरगावी असताना त्याचा मान वेशीजवळच्या घरानं सांभाळला.

अप्पांनी पडद्याजवळ तोंड नेऊन ती ओळ वाचली. "सांबाळला?"

"मग काय लिहू? तुमी सांगा, तेच लिहिते."

त्यांनी सांगितलं नाही. मी अनुक्रमणिका अपडेट केली, पेनड्राइव्ह काढला आणि पर्समध्ये टाकला. दारात चपला घालताना ते मागनं म्हणाले, "ह्या दारात परत येणार हायस न्हवं?"

धमकी होती की काळजी, मी वळून बघितलं नाही. मंठाळच्या बसमध्ये बसल्यावर मात्र तेच एक वाक्य कानात वाजत राहिलं. भावकीच्या त्या पुस्तकात माझं घर कुठंच नव्हतं. लेकीला हेडिंग वन नसतं, हेडिंग टूही नसतं. माझ्या मालकीचं एवढंच होतं, तो उंबरा आणि त्याच्या आतला तो म्हातारा. त्यांचंच नाव मी स्वतःच्या हातानं एक पायरी खाली आणून आले होते.

चंपाषष्ठीपर्यंत मी माहेरी गेले नाही. फोन केला की वहिनी उचलायची, अप्पा झोपलेत म्हणायची. दिवसा कुठल्याही वेळी केला तरी झोपलेलेच.

चंपाषष्ठीला गेले ती थेट देवळात. तळी उचलली, येळकोट झाला, सगळे पिवळे झाले. तरण्या पुजाऱ्यानं नवंकोरं पुस्तक उघडलं आणि अनुक्रमणिका वाचायला लागला. "थोरलं घर." अण्णा पुढं आले, उपरणं पसरलं, नारळ घेतला. "माळावरचं घर."

सगळ्या माना मागं वळल्या. हैदराबादचा मुलगा आला नव्हता, त्याला सुट्टी मिळाली नाही म्हणे. बायकांच्या घोळक्यातून काकू एकटी पुढं आली आणि तिनं पदर पसरला. पुजारी नारळ हातात धरून घुटमळला. बाईच्या पदरात मानाचा नारळ कुणी घातलेला नव्हता. मला वाटलं, आता अण्णा तोंड उघडणार. अण्णांनी उघडलंही.

"कामून थांबलास? पुस्तकात घर हाय न्हवं? मग दे की."

नारळ पदरात पडला. मी अण्णांकडं बघायचं टाळलं.

"वेशीजवळचं घर," पुजारी म्हणाला. कुणी आलं नाही. माझा भाऊ खांबाजवळ जमिनीकडं बघत उभा होता. पुजाऱ्यानं परत नाव घेतलं. अप्पा आले नव्हते, आणि त्यांनी भावालाही जायचं नाही म्हणून सांगितलं होतं. आमचा नारळ तसाच पाटावर राहिला आणि पुढच्या घराचं नाव निघालं.

मी धावतच घरी गेले. अप्पा ओसरीवर कॉम्प्युटरला पाठ करून बसले होते.  मी पाणी मागितलं नाही, त्यांनी दिलं नाही. अशी किती वेळ बसले असेन कुणास ठाऊक. मग दारात सावली पडली.

माळावरची काकू होती. कपाळ भंडाऱ्यानं पिवळं, धाप लागलेली. आपल्या उंबऱ्यावर नारळ फोडून ती पुन्हा माळ उतरून आली होती. तिनं पदराची गाठ सोडली आणि ओल्या खोबऱ्याचं एक भकल काढून अप्पांपुढं धरलं.

"घ्या भावजी," ती म्हणाली. "भकलबी ग्वाडच असतंय. एवडी वर्सं मी खाल्लंय."

तिच्या बोलण्यात कुजकेपणा आहे का, म्हणून मी कान देऊन ऐकलं. मला सापडला नाही. अप्पाही तिच्या तोंडाकडं बघत होते, माझ्यासारखंच. मग त्यांनी दोन्ही हात पुढं केले. मान खाली गेली, भकल घेणाऱ्याची जाते तशी.

"वयनी, बसा," म्हणाले. "तुमच्या घरचं पान मी वाचलोय."

"काय लिवलंय तेच्यात?"

अप्पांनी भकल हातातल्या हातात फिरवलं. "तुमचा नारळ आमी घेतला म्हून लिवाय पायजे हुतं," ते म्हणाले. "पोरीनं सांबाळला लिवलीय."

 काकू खाली बसली आणि पदरानं तोंड पुसलं. अप्पांनी भकलाचा एक तुकडा मोडला आणि माझ्याकडं न बघता हात माझ्या बाजूला केला.

आमच्यात लेकीला ना नारळ ना भकल. मी तुकडा घ्यायच्या आधी त्यांच्या तोंडाकडं नीट निरखून बघितलं. राग गेला होता का नव्हता, काही कळलं नाही. मी घेतला आणि खाल्ला.